गाण्यातल्या भिंतीचा अर्थ

प्राध्यापक येणार म्हणून गीतकारांनी सकाळपासून दोनदा सदरा बदलला आणि एकदा खुर्चीची जागा. त्यांच्या बायकोला एवढी सवड नव्हती. खिडकीशी तिचं शिलाई मशीन, मशीनवर पडद्यांचं कापड, उरलेला ढीग जमिनीवर, आणि संध्याकाळपर्यंत एका दवाखान्याचे सगळे पडदे शिवून द्यायचे होते. "अगं, तो पसारा जरा आवरशील का?" त्यांनी विचारून पाहिलं. "आवरते की, पडदे झाले की," ती म्हणाली. म्हणजे आवरणार नाही. हा एवढा अर्थ त्यांना न समजावता कळायचा.

गीतकार ही पदवी त्यांना एका गाण्यानं मिळाली होती. लिहिली त्यांनी पुष्कळ, पण बाकीची ऐकायला बायकोशिवाय कुणाला बांधून बसवता येत नव्हतं. ते एक मात्र जिकडेतिकडे वाजलं:

भिंत बांधली, दिवा लावला, चाक फिरवलं भरभर;
माणसा, तुझा प्रवास केवढा! आहेस तिथंच आजवर.

प्रगती हा निव्वळ भास आहे असं सांगणारं हे गाणं लोक नव्या दुकानांच्या उद्घाटनालाही लावायचे, कारण 'भरभर'वर ताल झकास पडतो. आता ते पाठ्यपुस्तकात जाणार होतं आणि त्याचा अर्थ लिहायचं काम प्राध्यापकांकडे आलं होतं. अर्थ तयार मिळाला नाही तर मुलं बिचारी गाणं ऐकत बसतील, अशी वरच्या लोकांना भीती वाटली असावी.

प्राध्यापक आले. चहा घेतला, फोन स्टुलावर ठेवला, त्यात बोलणं टिपायची सोय सुरू केली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, भिंत म्हणजे नेमकं काय?"

गीतकारांनी डोळे मिटले. हे डोळे मिटणं त्यांनी अनेक सभांमधून चांगलं तयार केलं होतं. "भिंत म्हणजे संस्कृती. माणसानं स्वतःला निसर्गापासून तोडलं, ती ही भिंत."

"आणि दिवा?"

"विज्ञान. उजेड वाढला, दिसायचं तेवढंच दिसलं. आणि चाक म्हणजे यंत्रयुग. मनुष्यजात गुहेत होती, आजही गुहेतच आहे. फक्त गुहेला आता घंटी बसवलीय."

"वा! घंटी!" प्राध्यापक नुसते विरघळले.

बायको पडद्याची कड दुमडत होती. भिंत म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं, कारण ती भिंत तिच्या पाठीमागेच होती. पूर्वी ही सगळी एकच खोली. लेक मोठी झाली, तिला अभ्यासाला कोपरा मिळेना, तेव्हा हिनं डोळे फोडून शिवणकाम केलं आणि मधे अर्ध्या विटेची भिंत घालून घेतली. गीतकार तेव्हा कचेरीतून येऊन म्हणाले होते, "छान. होता तो अंधार वाटून घेतलास." पुढच्या वर्षी मशीनवर नळीचा दिवा आला, त्याच्या पुढच्या वर्षी पायाच्या मशीनला मोटार बसली. त्यानंतर महिनाभरात गाणं आलं. शेजारणी अभिनंदन करायला आल्या. ती हसली, सगळ्यांना चहा दिला, आणि त्या दिवशी तिच्या हातून सुईत दोरा काही केल्या जाईना.

तेव्हापासून ती मूग गिळून बसली होती. तिला फार काही नको होतं. त्यांनी एकदा, नुसतं एकदा, म्हणावं की ती भिंत बांधून काहीतरी झालं. लेक त्या भिंतीआड बसून शिकली आणि आज औषधं तपासायच्या प्रयोगशाळेत मोठ्या हुद्द्यावर आहे. ती कुठल्या गुहेत नाही बसलेली! पण असं बायकोनं नवऱ्याला सांगायचं, की त्यानं आपण होऊन म्हणायचं?

"वहिनी, तुम्ही तर साक्षीदार," प्राध्यापक तिच्याकडे वळले. "हे गाणं सुचलं तेव्हा सर कसे दिसत होते? हरवल्यासारखे?"

आता इतक्या वर्षांत हिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते हे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भिंत ही," ती म्हणाली आणि हातातल्या कात्रीनं मागे दाखवलं. "दिवा हा डोक्यावरचा. तेव्हाचा गेला, जागा तीच. आणि चाक या मशीनचं. लेकीच्या अभ्यासासाठी मी भिंत घातली, ती यांना आवडली नव्हती. सुचलं ते असं."

"अगं, तू चहाचं बघ," गीतकार घाईघाईनं म्हणाले.

"चहा तुमच्या हातात आहे."

त्यांनी हाताकडे पाहिलं. खरंच होता.

प्राध्यापक मात्र ताडकन सरसावून बसले. "थांबा, थांबा! म्हणजे गाण्यातला माणूस म्हणजे तुम्ही! वहिनी, तुम्ही अर्थच उलटापालटा केलात. साधी घरातली बाई. तिला आधी भिंत हवी, मग दिवा हवा, मग चाक हवं. हाव काही सरत नाही. आणि शेजारी कवी शांतपणे बघतोय, मनाशी हसतोय. कवीची पत्नी हे मानवी हावेचं प्रतीक! स्पष्ट करा! परीक्षेत हा प्रश्न दरवर्षी येणार, लिहून ठेवा."

"हाव?" ती म्हणाली.

"प्रतीक म्हणून हो, वहिनी. मनाला लावून घेऊ नका."

मनाला नाही लावायचं तर कुठे लावायचं? आता घरोघरची पोरं मोठ्यानं घोकणार, कवीची बायको हावरट होती. तिची स्वतःची नात हेच पुस्तक उघडून बसणार आणि पैकीच्या पैकी गुण मिळवायला आजीला हावरट लिहिणार. बोलून बसले ते न बोलते तर बरं झालं असतं, असं तिला झालं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

नवऱ्याचा चेहरा, खोटं कशाला बोला, खुलला होता. नवा अर्थ म्हणजे नवी निमंत्रणं. "तसं पाहिलं तर..." अशी त्यांनी सुरुवातही केली. मग त्यांची नजर तिच्यावर गेली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. ती नुसती वाट बघत होती, तिथे त्यांची जीभ अडखळली.

"नाही," ते म्हणाले. "तसं नाही लिहायचं. तिला कसली हाव?"

"मग सर?"

गीतकारांनी यावेळी डोळे मिटले नाहीत. "ती दरवर्षी काहीतरी उभं करत होती. मी त्याच कचेरीत, त्याच टेबलाशी, साहेबाची री ओढत. मला ते बघवेना. ती पुढे गेली म्हणायचं, तर मी मागे राहिलो हेही म्हणावं लागलं असतं. म्हणून लिहून टाकलं की कुणीच कुठे जात नाही. वर मनुष्यजातीचं नाव घातलं. मनुष्यजात काही घरी येऊन भांडत नाही."

प्राध्यापकांनी हळूच हात लांब करून फोन बंद केला.

"सर, हे फार प्रांजळ आहे," ते म्हणाले. "पण छापता नाही हो यायचं. एवढं मोठं गाणं आणि त्याच्या मुळाशी काय, तर नवऱ्याचा जळफळाट? मुलांनी यातून घ्यायचं काय? आणि आम्ही गुण तरी कसे द्यायचे?" त्यांनी थोडा विचार केला. "असं करू. वहिनी नकोत, तुम्हीही नको. मनुष्यजातच बरी."

"गुहेतली?"

"गुहेतलीच. घंटी मात्र घेतो." आणि समाधानानं नमस्कार करून प्राध्यापक गेले.

दार लागलं. गीतकार खुर्चीत बसून राहिले. खरं बोललेल्या मुलाला शाबासकी हवी असते, तसा त्यांचा चेहरा झाला होता. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "ऐकलंस ना? बरं वाटलं?"

"वाटलं," ती म्हणाली. "खूप बरं वाटलं. मला वाटायचं, माझंच चुकतंय." तिनं पदरानं डोळे पुसले. "नाक्यावरचे शिंपीकाका आठवतात? ते थकले तेव्हा दुकान मला देत होते. तूच चालव म्हणत होते, हवे तसे हप्ते दे म्हणत होते."

"तूच नको म्हणालीस. जमायचं नाही म्हणालीस."

"जमलं असतं. पण तेव्हा तुमचं गाणं घरोघर वाजत होतं. दुकानाची फळी उघडली की समोरचे लोक तेच गातील, अशी धास्ती वाटली. आणि खरं सांगू? मला ते पटलंही होतं. एवढी शिकलीसवरली माणसं माना डोलावतात, तर खरंच असेल, आपणच मेलं उगीच धावतोय. म्हणून नको म्हणाले." तिनं मशीनखाली कापड सरकवलं. "तुम्ही लिहिलंत तेव्हा ते गाणं खोटं होतं. खरं मी केलं, इथे बसून."

गीतकार उठले, खिडकीपाशी आले, परत खुर्चीकडे गेले. "अगं, मग तेव्हाच मला सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही आणखी एक गाणं लिहिलं असतं."