मिटल्या डोळ्यांतल्या उल्का

मार्गशीर्षातली अवस. कोकणातल्या त्या उघड्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, काळोख जांभ्या खडकातूनच उगवून आल्यासारखा दाट, हिमशीतल, निःशब्द. वाळल्या गवतावर दव. आणि खाली, खूप खाली, समुद्राचा न दिसणारा, न थांबणारा श्वास.

पूर्वेला पुनर्वसूचे जुळे तारे चढले आणि त्यांच्या आसपासून उल्का सुटू लागल्या. पीतवर्णी, मंदगामी, मौनव्रती. एक ओघळली. मग एक. मग कितीतरी वेळ नुसती नीलकृष्ण पोकळी.

सतरंजीवर दोघं उताणी पडली होती. भूगोल शिकवून निवृत्त झालेले विश्राम मास्तर, आणि त्यांची पत्नी कुमुद. लग्नानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षापासून एकतीस वर्षं त्यांनी हा उल्कावर्षाव चुकवला नव्हता. दिसली की हलकेच म्हणायचं, "गेली." बाकी शब्द नकोत.

"गेली," मास्तर म्हणाले. कुमुदने पाहिलं, तिथे अंधार होता.

"गेली." पुन्हा अंधार. "ही गेली. ही आणखी एक." आपलीच नजर मंदावली असेल, असं तिने मनाला सांगितलं, आणि मन ऐकेना.

तेवढ्यात समुद्रावरून अवेळी मेघ आले. धूम्रवर्ण, मंथर, मुके. त्यांनी मृग झाकला, रोहिणी झाकली, जुळे तारे झाकले. आभाळात तिळाएवढाही उजेड उरला नाही.

"गेली," मास्तर म्हणाले.

कुमुद उठून बसली. "अहो, आभाळ भरून आलंय."

मास्तर तसेच वर पाहत राहिले.

"डोळे मिटा बरं." त्यांनी मिटले. "आता?"

अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले, "आताही पडताहेत."

तिने विजेरी लावली, त्यांच्या डाव्या कानशिलापाशी हात धरला. "माझा हात दिसतोय?"

"कुठला हात?"

मग ते सावकाश बोलले. चार दिवस डोळ्यापुढे काळी चिलटं नाचत होती. तिन्हीसांजेपासून डावी बाजू विझत चालली होती. "म्हटलं, आजची रात्र होऊन जाऊ दे."

कुमुद रागावली नाही. तिने सतरंजी तिथेच टाकली, त्यांचा हात घट्ट धरला, आणि ती काळ्या खडकांतून, काळ्या काट्यांतून पाऊलवाट चाचपडत खाली उतरली. शेजाऱ्याला उठवलं. रिक्षा निघाली, घाट चढताना दोघांपैकी कुणी बाहेर आभाळाकडे पाहिलं नाही.

"डाव्या डोळ्याचा पडदा सुटलाय," सकाळी शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चार दिवस आधी आला असतात तर..." त्यांनी उजवा डोळा तपासला. "उजव्याचाही पातळ झालाय. जपायला हवं."

शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला, आणि तो जागेवर राहावा म्हणून आठ दिवस मान खाली, अहोरात्र खाली. आयुष्यभर वर पाहिलेला माणूस कॉटच्या कडेवरून फरशीकडे पाहत पडला. राखाडी फरशी. सकाळी राखाडी, सांजेला राखाडी.

तिसऱ्या दिवशी कुमुदने फरशीवर चादर अंथरली आणि ती त्यांच्या चेहऱ्याखाली उताणी झाली.

"मी दिसते?"

"दिसतेस."

"स्पष्ट?"

उघड्या उजव्या डोळ्याने त्यांनी तिला कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश पाहून घेतलं. एकदा, आणि पुन्हा एकदा. "मधोमध स्पष्ट," ते म्हणाले.

खिडकीतलं पिवळं ऊन सरकत सरकत भिंतीवर गेलं. तिने हात वर केला, तळवा त्यांच्या गालाखाली धरला. त्यांच्या मानेचा सगळा भार त्यात हळूहळू उतरत गेला, आणि ती तो पेलत राहिली.