बू विजींच्या खोक्यांतले केसाळ पाहुणे

पाक सुरोसोच्या घरात टॅरँटुला तीनच आहेत, असं त्याची बायको बू विजी सगळ्या गल्लीला सांगायची. ती खोटं बोलत नव्हती. तिला तीनच ठाऊक होते.

ते तीन बसायच्या खोलीत, काचेच्या पेट्यांत, राजरोस उजेडात असायचे. बाकीचे कुठे आहेत ते मला माहीत होतं, कारण तांदळाचं पिंप हलवायचं झालं की सुरोसो मलाच, शेजारच्या म्हाताऱ्याला, 'म्बाह!' म्हणून हाक मारायचा. बंद पडलेल्या टीव्हीच्या पोटात काही, नमाजाच्या चटयांमागे काही, भाताच्या कुकरच्या रिकाम्या खोक्यात काही. मलांग शहरातल्या आमच्या गल्लीत पुरुषाला मानानं 'पाक' म्हणतात, बाईला 'बू', आणि घरं एवढीशी, की नवऱ्याला बायकोपासून उचकीसुद्धा लपवता येत नाही. सुरोसोनं मात्र तळहाताएवढे केसाळ कोळी वर्षानुवर्षं लपवले.

नवरा-बायकोचा करार साधा होता. विजी म्हणाली होती, "तीन ठेवा. चौथा दिसला, की तिघांसकट सगळे जातील. माझा भाऊ ब्लिटारहून टेम्पो घेऊन येईल आणि नेऊन सोडेल डोंगरात."

आता माणूस चौथ्यापर्यंत जातो कसा, हे सांगतो. पक्ष्यांच्या बाजारात एका विक्रेत्यानं सुरोसोच्या हातावर कोळ्याचं मुगाएवढं पिल्लू ठेवलं. फुकट. पहिलं नेहमी फुकटच देतात. सुरोसो त्याला रातकिड्याची तंगडी भरवू लागला. पिल्लानं कात टाकली, तर ती कात यानं काडेपेटीत जपून ठेवली, पोराचा पहिला दात ठेवावा तशी. मग म्हणाला, माझा जमिनीवरचा आहे, झाडावरचा कसा असतो ते नको का कळायला? मग पिवळ्या गुडघ्यांचा आला, कारण आपल्याकडे पिवळ्या गुडघ्यांचं कुणीच नाही. पुढे पुढे कारणं सांगायचंही त्यानं सोडून दिलं.

एकदा मी विचारलं, "अरे, पण हे करतात काय?"

"काहीच नाही, म्बाह."

"मग पाळायचे कशाला?"

"म्हणूनच तर! मांजर पाळलं तर ते मागत बसतं, पोपट पाळला तर तो बोलत बसतो. हे नुसते बसतात. मीही बसतो. आणि मध्येच एक पाय हलतो."

"बरं. आणि?"

"आणि काय, म्बाह? पाय हलतो!"

त्याच्या घरात रातकिडे एवढे खपायचे की अर्जुनो डोंगराचा आमच्याकडचा उतार मुका झाला. तिथल्या खेड्यांतल्या लोकांना शांततेमुळे झोप लागेना. ज्याला पटत नसेल त्यानं जाऊन विचारावं. वाट चढाची आहे.

या सगळ्यांत त्याचा जीव अडकला होता तो न्याईमध्ये. न्याई म्हणजे निळी मादी. मोहरीएवढी असताना आणलेली. दिवसभर सालीच्या नळीत बसायची. मी म्हणायचो, "तू झाडाची साल पाळली आहेस." पण कधी एखाद्या संध्याकाळी ती बाहेर यायची, आणि त्या निळ्या पायांकडे बघताना सुरोसो श्वास घ्यायचा विसरायचा. त्या महिन्यात तिनं खाणं सोडलं होतं, रंग मळकट झाला होता. कात टाकणार होती. अशा वेळी तिला धक्का लागला तर संपलंच.

आणि नेमके त्याच महिन्यात डास आले.

मागच्या गल्लीत एकाला डेंग्यू निघाला. सकाळी मशिदीच्या कर्ण्यावरून गल्लीचे प्रमुख पाक तुगिमिन गरजले, "आज धूरवाले येणार! अन्न झाका, पक्षी बाहेर काढा, घरांना कुलूप लावू नका आणि गस्तीच्या चौकीपाशी जमा!"

लोक निघाले. तुगिमिनच्या घरून कवड्यांचे पिंजरे निघू लागले ते निघतच राहिले. पुढचा पिंजरा चौकीला पोचला तरी मागचा अजून त्यांच्या मोरीत होता. कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. पक्षी पाळणारा आमच्याकडे खानदानी, आठ पायांचं पाळणारा येडा.

सुरोसो पांढराफटक पडला होता. डासाला मारणारा धूर न्याईला सोडत नाही. विजी पहाटेच एका लग्नाच्या स्वयंपाकाला बातू गावाला गेली होती, एवढंच काय ते नशीब. ती जेवणावळींची कामं घेते, त्यामुळे घरात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी कायम. प्रत्येकावर छापलेलं: 'बू विजी, घरची चव'. सुरोसोनं एकेक कोळी भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डबीत घातला, एकेक डबी एकेका खोक्यात ठेवली, आणि थप्पी उचलून चौकीच्या ओट्यावर आणली. विजीच्या घरातून पांढरी खोकी बाहेर पडली तर कोण वळून बघणार? हिशेब चोख होता. काचेतले तीन त्यानं पेट्यांसकट उघडपणे आणून ओट्याच्या कडेला ठेवले, त्यांना लपवायचं कारणच नव्हतं. न्याईची डबी तेवढी त्यानं स्वतःच्या मांडीवर, कमरेला गुंडाळलेल्या सारोंगच्या घडीत धरली.

एकच गोष्ट तो विसरला. गल्ली जमली आहे, मध्ये पांढऱ्या खोक्यांची थप्पी आहे, तर आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होतो. स्लामेतान. कुणाच्या तरी घरी काही चांगलं घडलं आहे, दुआ होणार, आणि प्रत्येकजण बरकतीचं खोकं घेऊन घरी जाणार.

"अरे वा, सुरोसो!" तुगिमिन म्हणाले. "कशाबद्दल?"

सुरोसो खोकी मोजू लागला. मला दया आली.

"पाय बरा झाला ना त्याचा," मी म्हणालो.

त्याच्या पायाला आयुष्यात काही झालं नव्हतं. पण त्या क्षणापासून तो बसल्या बसल्या लंगडू लागला.

दुआ म्हणणारे मोदिन, पाक दुलकामित, तिथेच उभे होते. खोकी दिसली की त्यांचे हात आपोआप वर जातात. दुआ सुरू झाली. सगळ्यांनी दोन्ही तळवे पसरले, सुरोसोनं एकच.

"दुसरा हात?" मोदिननी एक डोळा उघडून विचारलं.

"दुखतोय."

"दुखणं पायाचं होतं ना?"

"पसरलंय."

आमीन झालं आणि हात पुढे आले. 'हे जेवण नाही' म्हणावं, तर मग काय आहे ते सांगावं लागतं. सुरोसो बघत राहिला आणि थप्पी विरघळत गेली.

"हलकं लागतंय गं," एक बाई म्हणाली.

"महागाई केवढी झालीय," दुसरी म्हणाली. "विजी तरी काय करणार!"

बरकतीचं खोकं तिथे उघडायची पद्धत नाही, ते घरच्यांत बसून खायचं. सुरोसोला वाटलं, घरोघरी जाऊन गुपचूप मागून आणू. पण धूरवाले काम आटोपून गेले, खिडक्या उघडल्या, धूर विरला, आणि लोक उपाशी होते.

पहिली किंकाळी तुगिमिनच्या घरातून आली. ती इतक्या वरच्या पट्टीत होती, की त्यांच्या कवड्या तेव्हापासून त्याच सुरात घुमतात. मग डावीकडून, मग समोरून. मोदिनच्या घरातून आवाज आला नाही. ते दारात येऊन नुसते उभे राहिले, हातात डबी धरून.

आणि गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलवरून विजी उतरली.

"विजी!" तुगिमिनची बायको खोकं हातभर लांब धरून आली. "हीच का गं तुझी घरची चव?"

"कोंबडीला केस राहिलेत, बाई!" मागून कुणीतरी ओरडलं.

विजीनं एक खोकं उघडलं. आपलं छापील नाव वाचलं. आतली डबी बघितली. मग दुसरं उघडलं. सगळी गल्ली तिच्यासमोर खोकी घेऊन उभी होती, आणि तिनं नवऱ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

"दुआ झाली होती?" तिनं मोदिनना विचारलं.

"झाली."

"आमीन म्हणालात सगळे?"

"म्हणालो."

"मग बरकत परत करतात का कुठे? ज्याच्या हाती गेली त्याची. रातकिडा घाला आठवड्यातून एकदा. जा घरी."

बडबड बरीच झाली, पण दुआ झालेली वस्तू नाकारायला कुणी धजेना. मोदिन तर आधीच आत गेले होते. त्यांच्या बायकोनं मग सांगितलं, ते जमिनीवर पालथे पडून म्हणत होते, 'पाय हलला!'

ओट्यावर आम्ही तिघंच उरलो. विजी, सुरोसो, आणि मी, कारण मला जायचं नव्हतं.

"ते मांडीवर काय आहे?"

सुरोसोनं घडी उघडली. डबीत न्याई उताणी पडली होती. पाय आखडलेले, हालचाल नाही.

विजी वाकली. राग थोडा उतरला. "मेलाय वाटतं. धूर लागला असेल. जाऊ दे. द्या तो गटारात टाकून, आणि काचेतले तुमचे तीन आहेत ते आहेत. झालं गेलं विसरले मी."

एवढं स्वस्तात सुटलेला नवरा मी पाहिला नव्हता. मी त्याला कोपर मारलं. नुसती मान डोलवायची होती. टाकायच्या निमित्तानं डबी मी घेतली असती, गटार माझ्याच घरावरून जातं.

सुरोसोनं डबीवर हात आडवा धरला. मग म्हणाला, "मेली नाही ती."

"काय?"

"कात टाकायला अशीच पडतात. आता हलवली तर मरेल. जिवंत आहे, विजी." त्यानं डबी तशीच सपाट धरली. "चौथी आहे."

विजीनं पिशवीतून फोन काढला. भावाला लावला, तो उचलेना. ती पुन्हा लावायला ओट्याच्या दुसऱ्या टोकाला निघाली.

"खुशाल लाव," सुरोसो म्हणाला. "फक्त हळू चाल. ओटा हादरतो."

का कोण जाणे, ती हळू चालली. मग थांबली. मग, फोन हातात घेऊनच, होती तिथे बसली.

बऱ्याच वेळानं न्याईच्या पाठीवरचं झाकण सुटलं. जुन्या मळक्या अंगातून एक नवं, ओलं अंग वर येऊ लागलं. मोज्यातून बोटं काढावी तसे पाय निघत होते, एकेक करून, आणि ते निळे होते. विजी सरकत सरकत जवळ आली. तिचा चेहरा डबीच्या इतका जवळ होता की तिचा श्वास प्लास्टिकवर दिसत होता. मग तो दिसेनासा झाला. घ्यायचा विसरली होती.

फोन वाजला. भाऊच होता. आवाज मला इकडे ऐकू आला.

"ताई, फोन करत होतीस? काय झालं? टेम्पो आणू का?"

"हळू बोल रे," विजी कुजबुजली. "पाय निघतोय."

टेम्पो दुसऱ्या दिवशी आलाच, भाऊ घाबरला होता बिचारा. जाताना विजीनं त्याला जेवणाचं एक पांढरं खोकं दिलं आणि बजावलं, घरी जाऊनच उघड. त्याच्या सीटवर ते मी ठेवलं. जरा हलकंच लागलं.