कालवांच्या हद्दीवरचा खुंटा

मी एक जुना लाकडी खुंटा आहे. मित्रांनो, ऑकलंडच्या उत्तरेला एका शांत खाडीत चिखलात पाय रोवून मी उभा असतो. माझ्या एका बाजूला हेमीची कालवांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, शेती आहे, दुसऱ्या बाजूला ग्रॅहमची.

माझा जन्म पाइनच्या झाडापासून झाला. किडीने खाऊ नये म्हणून मला औषध पाजले आणि या दोघांच्या वडिलांनी मिळून मला इथे ठोकले. त्याआधी खडकांवरच्या कालवांसाठी ते होड्यांतून एकमेकांवर वल्ही उगारत. रक्तही सांडले होते. मी आलो आणि मारामाऱ्या थांबल्या. लोक माझे कौतुक करत. पुढे मात्र माझ्याकडे कोणी बघेनासे झाले. मी मुळाशी सैल झालो, तेही कोणाला कळले नाही.

गेल्या हिवाळ्यात मोठे वादळ झाले. मी उपटून वाहत गेलो. सकाळी ग्रॅहमने मला पाण्यातून उचलून होडीत घेतले. किनाऱ्यावर हेमी उभा होता. हद्दीवर खुंटा नाही आणि तो ग्रॅहमच्या होडीत, एवढेच त्याला दिसले. होडी काठाला लागताच त्याने मला हिसकावले आणि काही न विचारता ग्रॅहमच्या हातावर हाणले. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला.

“तुझ्याकडेच आणत होतो,” ग्रॅहम खाली बसत म्हणाला.

मी हेमीच्या हातातून गळून पडलो.

जवळच्या दवाखान्यातली नर्स धम्मदीना तेवढ्यात कामावर निघाली होती. ती धावत आली. तिने आपल्या स्कार्फने ग्रॅहमचा हात गळ्यात बांधला आणि हेमीकडे वळून शांतपणे म्हणाली, “गाडी काढ. तूच न्यायचंस त्याला.”

पुढचे मी ऐकलेले सांगतो. हेमीने स्वतःच पोलिसांना सगळे सांगितले आणि पुढे झालेली शिक्षाही भोगली. ग्रॅहमचा हात प्लास्टरमध्ये असताना कालवं काढायची वेळ आली, तेव्हा हेमी त्याच्याही शेतीत राबला. ग्रॅहम त्याच्याशी बोलत नसे. एके दिवशी त्याने न बोलताच चहाचा कप पुढे केला.

उन्हाळ्यात दोघांनी मिळून मला पुन्हा ठोकले. ग्रॅहमचा हात अजून पुरता वळत नाही. आता माझ्या अंगावरही कालवं वाढली आहेत. ती कोणाची, हे अजून कोणी विचारलेले नाही.

मित्रांनो, तुमच्याही हद्दीवर माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला अधूनमधून हलवून बघा, सैल झाला असेल तर घट्ट करा. आणि तो जागेवर दिसला नाही, तर आधी शेजाऱ्याला विचारा. मला पुन्हा कोणाच्या हातात जायचे नाही.