सिंगापूरची कोशिंबीर

मारोतीचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. हैदराबादच्या बसनं मागवलेले झिंगे आले, तेव्हा बर्फाचं निम्मं पाणी झालेलं. अननस तर अख्ख्या हुमनाबादच्या बाजारात औषधालाही मिळाला नाही. शेवटी पेरू अन् कच्च्या-पक्क्या पपईवर भागवावं लागलं. बोटीवर खानसाम्याच्या हाताखाली असताना सिंगापूरच्या बंदरात ही कोशिंबीर तो शिकून आला होता, अन् हायवेवर नवं हॉटेल काढणारे उद्धवराव आज ती चाखायला घरी येणार होते. आवडली तर मुख्य आचारी मारोती. नाहीतर पुन्हा बोट, पुन्हा वर्ष-वर्ष घराचं तोंड दिसायचं नाही.

झिंगे त्यानं नुसते उकडून गार केले. तिकडं खारवलेल्या माशाचा रस घालतात, तो इथं कुठला मिळायला! त्याऐवजी सुकट भिजवलेलं पाणी घेतलं, त्यात लिंबू, गूळ, लसूण, हिरवी मिरची अन् शेंगदाण्याचं कूट घालून ढवळलं. चव घेतली, तेव्हा कुठं त्याला हसू आलं. फळं-झिंग्यांवर ते ओतलं, झाकण ठेवलं अन् पाहुण्यांना आणायला नाक्यावर गेला.

परत येऊन उद्धवरावांना बाजेवर बसवलं अन् आत जाऊन बघतो तर काय! आई, कोंडाबाई, चुलीपुढं. कोशिंबीर सगळी कढईत, वर फोडणी, काळा मसाला, अन् पपईचा पार लगदा.

"आये, कामून केलीस गं हे?" त्यानं दात-ओठ खात दबक्या आवाजात विचारलं. "वाट लावलीस की माझी!"

"थंडगार होतं रे समदं. मला वाटलं, चुलीवर ठेवायचं ईसरलास."

"अगं, ते थंडच खातेत!"

"थंड?" कोंडाबाईचा हात थांबला. "धम्म घ्यायच्या आधी टोपली घेऊन भाकरी मागत दारोदार जायची मी. गरम कुणी घातलं न्हाई कधी. माझ्या दारी आलेल्या माणसाला मी थंड वाढू व्हय?"

मारोतीला कढई उचलून अंगणात भिरकावावीशी वाटली. तेही करता येईना, म्हणून अजूनच संताप आला. त्यानं ताट वाढलं.

उद्धवरावांनी भाकरीशी चार घास खाल्ले. "कालवण बरंय. पण असलं तर कोणत्याबी धाब्यावर मिळतंय की. तू तर सिंगापूरची कोशिंबीर म्हणालतास. काही बिघडलं का? तसं असंल तर सांग, परवा पुन्हा येतो."

मारोतीनं बघितलं, दाराआड कोंडाबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

"बिघडलं काही न्हाई, साहेब," मारोती म्हणाला. "आमच्यात गरमच वाढतेत."