रोसेंदाचं ताट

नाताळच्या सुट्टीत मी लुमिंगला घेऊन सासरवाडीला गेलो. लुमिंग माझी मुलगी, सहा वर्षांची. बागिओहून सकाळची बस धरली की इलोकोसमधल्या त्या गावात पोचायला संध्याकाळ होते. पूर्वी आम्ही तिघं जायचो. माझी बायको रोसेंदा पावसाळ्याच्या अखेरच्या वादळात बोट बुडाली तीत गेली. बोटीवरचे बाकीचे सापडले, कोणी जिवंत, कोणी मेलेले. ती सापडली नाही.

सासूला आम्ही सगळे नानांग म्हणतो. तिने अंगणातच लुमिंगला जवळ घेतलं. म्हणाली, "नाताळला येईल हो तुझी आई. कुठल्या तरी बेटावर अडकली असेल. बोट मिळाली की येईल."

झालं. पहाटेची प्रार्थना आटोपली की पोर फाट्यावर जाऊन उभी राहायची. बस आली की आत डोकावायची. गार वारा सुटलेला असायचा आणि ती हलायची नाही. मी उचलून आणायचो. तिने ही वाट बघणं थांबवावं, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मागायला मी आलो नव्हतो.

आमच्याकडे सणाला आधी मेलेल्यांना वाढतात. मरियेच्या मूर्तीपुढे भात, उकडलेलं अंडं, पानात भाजलेला तांदळाचा गोड उंडा आणि उसाची दारू ठेवायची. एकेकाला नाव घेऊन बोलवायचं. त्यांचं झालं की मग आपण जेवायचं.

"नानांग, या वेळी रोसेंदालाही वाढू या," मी म्हणालो.

ती नारळ खवत होती. हात थांबला नाही. "जिवंत माणसाला तिथं वाढत नाहीत."

"तीन महिने होत आले, नानांग."

"तू पाहिलीस तिला मेलेली? नाही ना? मग गप बस."

मेहुणा तेरियो चुलीत लाकडं सारत होता. तो मला मानोंग, म्हणजे दादा म्हणतो, आणि वडिलांना तातांग. "मानोंग, कशाला हिच्या तोंडी लागता? तातांग जन्मभर लागले. शेवटी मरूनच सुटले."

"तुझं ताट मात्र मी खुशाल वाढीन," नानांग त्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लुमिंगला ताप भरला. दवाखान्यातल्या नर्सने औषध दिलं. ताप उतरला आणि पुन्हा चढला. पोटात अन्न ठरेना. वाऱ्याने झालं असं मी म्हणत होतो. नानांग म्हणाली, कोणीतरी मेलेलं उपाशी आहे, त्याने पोरीला हात लावलाय. तिनेच तिनांग म्हातारीला बोलावणं धाडलं.

तिनांग अंडं उभं करते. थाळीत अंडं धरायचं, मेलेल्याचं नाव घ्यायचं आणि हात सोडायचा. ज्याच्या नावाला अंडं उभं राहील, तो उपाशी.

ती लुमिंगच्या चटईपाशी बसली. नानांगने पहिलं नाव नवऱ्याचं सांगितलं. अंडं कलंडलं. मग सासू, सासरा, दीर, लहानपणीच गेलेला मुलगा. दर वेळी अंडं कलंडत होतं.

"आणखी कोण?" तिनांगने विचारलं.

"संपली नावं."

"आठवून बघ, बाई. पोर तापलीय."

नानांग लुमिंगचं पांघरूण सारखं करू लागली. मला बोलता आलं असतं. इतके दिवस तेच तर बोलत होतो. पण तोंड उघडलं आणि नाव बाहेर आलं नाही.

"आईचं घ्या ना," लुमिंग म्हणाली. डोळे मिटलेले होते. "रोसेंदा."

तिनांगने ते नाव घेतलं. ती हात सोडणार, तोच नानांगने अंड्यावर पंजा मारला. अंडं फुटलं. पिवळं तिच्या बोटांतून थाळीत गळलं.

"ह्याच्यासाठीच आला होतास ना?" ती मला म्हणाली. "पोरीच्या तोंडून वदवलंस. जा आता, दुसरी कर. मोकळा झालास."

"नानांग, पुरे," तेरियो म्हणाला.

मी उठलो आणि फडकं आणून थाळी पुसली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी नानांगने स्वतःच ताटं वाढली. कोणाला हात लावू दिला नाही. एकेकाचं नाव घेतलं. शेवटच्या ताटात आणखी एक उंडा ठेवला. मग म्हणाली, "रोसेंदा, ये गं. जेवून घे." नेहमी हाक मारायची तशीच मारली. तिला तेरियोने धरून बसवलं.

ताप होताच. मी लुमिंगला मांडीवर घेऊन बसलो होतो. ती ताटाकडे बघत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आईचं झालं का?"

"झालं," मी म्हणालो.

"मग मला दे."

मी थोडा भात भरवला. तो तिच्या पोटात ठरला. नानांग भिंतीकडे तोंड करून पडली होती. तेरियोने तिला दोनदा जेवायला हाक मारली. ती उठली नाही.