आमची जात संपली म्हणतात

मित्रांनो, मी एक जुना मासा आहे. नाचणगावच्या बाजूला एका विहिरीत राहतो. कोणत्या विहिरीत, ते विचारू नका. माणसांवर माझा भरवसा नाही आणि तुम्हीही माणसंच आहात.

मी बोटभर लांब, पाठीवर सोनेरी पट्टा. पूर्वी इथल्या नाल्यात आमची जात भरपूर होती, तेव्हा आम्हाला काळं कुत्रं विचारत नव्हतं. नाला आटू लागला तेव्हा रुख्माबाईंनी आम्हा काहींना उचलून आपल्या विहिरीत सोडलं. डासांच्या अळ्या खाऊन पाणी चांगलं ठेवायचं, हे आमचं काम. ते मी चोख केलं. तरी त्यांची बादली खाली आली की मी कपारीत पळायचो. फुकट कोण सांभाळतं हो?

मग अठ्ठ्याहत्तर साली पुलगावचे लक्ष्मणराव आले. हौशी गृहस्थ, घरी मासे पाळायची काचेची पेटी. काठावरून वाकून म्हणाले, "अहो, हा तर दुर्मिळ मासा! याला जपलं पाहिजे."

दुर्मिळ! मी शेपटी ताठ केली. हाच आपला माणूस, असं वाटलं. जपायला म्हणून त्यांनी बरणीभर माझी भावंडं नेली. पुढच्या महिन्यात पुन्हा रिकामी बरणी घेऊन हजर. "आधीचे दगावले," म्हणाले. असंच होत गेलं. शेवटी विहिरीत मी आणि माझी जोडीदारीण उरलो. आता आम्ही खरोखरच दुर्मिळ झालो होतो.

त्या उन्हाळ्यात गावात हगवण पसरली. विहिरीत लाल औषध टाकायला माणूस आला. औषधाने आम्ही मेलोच असतो. रुख्माबाईंनी बादली सोडली. जोडीदारीण आत शिरली. अगं वेडे, कढईत जाशील! मी कपारीतून हललो नाही.

वरून रुख्माबाईंचा आवाज आला, "थांबा ना जी! एक आतच हाय. तो निघाल्याबिगर औषध टाकू देणार नाई मी."

भाकरीचा चुरा पडला. भूक लागलीच होती, गेलो. बादलीतून थेट अंगणातल्या रांजणात!

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणराव बरणी घेऊन आलेच. रुख्माबाई रांजणावर झाकण ठेवून शेजारी बसल्या.

"मासे गेले ना जी. काल औषध टाकलं."

"अरेरे! मग ही जात संपलीच म्हणायची."

आत मी कल्लासुद्धा हलवला नाही.

पाणी निवळल्यावर रुख्माबाईंनी आम्हाला परत विहिरीत सोडलं. आज इथे आमची पिलावळ आहे. बादली आली की मी अजूनही पळतो. रुख्माबाईंची असली तर जरा सावकाश पळतो.

मित्रांनो, आम्ही कुठे दिसलो तर डोळे भरून पाहा आणि आपल्या वाटेने जा. कुणी बरणी घेऊन विचारत आलाच, तर सांगा, मासे गेले ना जी.