काकूंचा बाद आवाज

वाचा-उपचार केंद्रात तिला सगळे वायरताई म्हणत. तिचं काम खरं तर कॉम्प्युटर सांभाळायचं, पण पंखा अडला तरी हाक तिलाच. बाई कामाला वाघ, फक्त एक खोड वाईट. डिस्कवर एकच वस्तू दोनदा दिसली की तिच्या डोक्यात तिडीक जायची. त्या खोडीनेच घात केला.

त्या सकाळी डिस्क भरली. वायरताईने पाहिलं, तर बेकरीवाल्या काकूंची रेकॉर्डिंग दोन फोल्डरमध्ये. एक 'काकू', दुसरं 'जुनं'. वाक्यं तीच, नावं तीच. तिचं पित्त खवळलं. तरी बाई सावध होती, उगाच कुणी नावं ठेवायला नकोत. 'काकू' फोल्डर बॅकअपच्या डिस्कवर आहे ना, हे तिने पाहिलं. तिथलं एक वाक्य वाजवलंसुद्धा, वाजलं. मग तिने 'जुनं' कायमचं उडवलं, मोकळ्या जागेत नव्या पेशंटांचे लठ्ठ व्हिडिओ भरले आणि चहा मागवला.

दुपारी ती काकूंचं बोलकं यंत्र तयार करायला बसली. काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, स्वरयंत्रच काढावं लागलं. त्याआधी त्या इथे येऊन रोजच्या वापरातली वाक्यं आपल्या आवाजात भरून गेल्या होत्या. आता बटण दाबलं की काकूंचं वाक्य काकूंच्याच आवाजात वाजायचं होतं. यंत्र न्यायला त्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या. वायरताईने पहिलं वाक्य उघडलं. 'फाइल सापडत नाही.' दुसरं उघडलं, तेच. बॅकअप उघडला, तिथेही तेच. सगळी नावं जागच्या जागी आणि सगळी लालभडक.

माहीत नव्हतं असं नाही. प्रत्येक नावाच्या कोपऱ्यात एक बारीक बाण होता. 'काकू'मध्ये रेकॉर्डिंग नव्हतीच. होत्या त्या सिम्बॉलिक लिंक, म्हणजे नुसते पत्ते: माल 'जुनं'मध्ये आहे, तिकडे जा. बॅकअपने इमानेइतबारे त्या पत्त्यांचीच नक्कल केली होती, आणि सकाळी जे वाक्य वाजलं ते बॅकअपमधलं नव्हतंच, त्या पत्त्यावरून मूळ जागी जाऊन वाजलं होतं. इतकं सगळं ठाऊक असलेल्या बाईने रागाच्या भरात बाणाकडे कानाडोळा केला. काकूंना आवाज परत येणार नव्हता. जो होता तो हिने पुसला होता, वर व्हिडिओ भरून त्याची राखही ठेवली नव्हती.

यंत्रात एक तयार बायकी आवाज होता, गोड, कुणाचाच नसलेला. तो घालून द्यावा आणि रेकॉर्डिंग खराब निघाली म्हणून सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. कुणाला कळलंही नसतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

मग तिला एक आठवलं. उडवण्याआधी 'जुनं'ची यादी डोळ्यांखालून गेली होती. बहुतेक फाइलींपुढे एकचा आकडा होता, पण काहींपुढे दोन. दोन म्हणजे त्याच फाइलला याच डिस्कवर आणखी एक नाव आहे. पत्ता नव्हे, नाव. काकूंना घरी आई म्हणतात, दुकानात काकू, माहेरी बेबी. माहेरच्यांनी बेबी म्हणणं सोडलं म्हणून काही काकू नाहीशा होत नाहीत. हार्ड लिंकचं तसंच असतं. शेवटचं नाव पुसेपर्यंत फाइल जिवंत राहते.

पण ते दुसरं नाव दिलं कुणी? तिने उच्चारबाईंना फोन लावला. पेशंटांना बोलायला शिकवणाऱ्या या बाई निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या होत्या. काकूंचं रेकॉर्डिंग त्यांनीच केलं होतं.

"अगं, माझं 'खाऊ' नावाचं फोल्डर बघ," उच्चारबाई म्हणाल्या. "मला आवडलेली त्यात ठेवलीत."

"कॉपी केली होतीत?"

"कॉपी कसली करतेय? जागा खाल्ली म्हणून तू माझा जीव खाल्ला असतास. हार्ड लिंक केल्या, तूच नाही का शिकवलंस? पण ऐक, त्यात कामाचं काही नाही गं. सगळी बाद झालेली आहेत."

दुसऱ्या दिवशी काका-काकू आले. काकूंच्या गळ्याला मऊ रुमाल आणि हातात लिहायची पाटी. वायरताईने त्यांना बसवलं आणि आढेवेढे न घेता सांगून टाकलं. सांगताना तिचा आवाज फुटला, आणि आपल्याला फुटायला आवाज तरी आहे या विचाराने ती आणखीच ओशाळली.

काकांना काही उमगेना. "पण बॅकअप होता म्हणता ना?"

"पत्त्यांचा होता, काका."

"म्हणजे आम्ही बेकरी हलवली तेव्हा जुन्या कोपऱ्यावर बोर्ड लावला होता, पुढच्या गल्लीत या म्हणून. तसं?"

"तसंच. मी बेकरीच पाडली. बोर्ड तेवढे राहिले."

काकूंनी पाटीवर लिहिलं, 'नातवाला मारलेली हाक?' वायरताईने मान हलवली. ती गेली होती. काकूंनी पाटी पुसली आणि बराच वेळ त्या पुसलेल्या पाटीकडेच बघत राहिल्या. वायरताईला वाटलं, या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"थोडी राहिली आहेत," ती चाचरत म्हणाली. "पण बाद केलेली आहेत, चुकलेली. नको असतील तर..."

काकूंनी हातानेच सांगितलं, लाव.

खोलीत आधी खोकला आला. मग खणखणीत आवाज, गिऱ्हाइकांच्या गर्दीवरून भट्टीपर्यंत पोचणारा. "मला झोप येत आहे... अय्या, हे काय, मी काय बातम्या देतेय?" मागून उच्चारबाईंचं हसू. मग, "अहो, फोन बंद करा तो! माणसाने बोलावं की नाही?" त्यानंतर नुसतं हसणं, थांबता थांबेना असं. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. काकांनी नजर जमिनीवर रोवली होती.

पुढची फाइल लागली. "मला पाणी हवे आहे. शी! असं कोण बोलतं घरात? अहो, पाणी आणा की जरा!"

काका उठले. नेहमीच्याच चालीने कोपऱ्यातल्या माठापर्यंत गेले, पेला भरला आणि वळले. हातात पेला धरून ते खोलीच्या मधोमध थबकले. मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले.

काकूंनी पेला घेऊन एक घोट घेतला आणि वायरताईकडे बघून बोट वर केलं. पुन्हा लाव.